फरक कुठून आला? संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाची प्रस्तावना

खरिपाची पिके शेतात उभी असतानाच महाराष्ट्रातल्या गावांची पैसेवारी निघू लागते. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. पिकाचे प्रमाण उत्पन्न एक रुपया धरले तर यंदाचे पीक किती पैशांचे, असा हा हिशेब. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा त्यालाच आणेवारी म्हणत. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी अशा सवलतींचा मार्ग वर्षानुवर्षे मोकळा होत आला आहे. ४९ आणि ५१ यांत अंतर दोनच पैशांचे, पण त्यावर गावाचे अख्खे वर्ष अवलंबून असू शकते. म्हणून पैसेवारी जाहीर झाली की गावागावांतून एकच सवाल उठतो: हा आकडा काढला कसा?

संख्याशास्त्राच्या अभ्यासाची सुरुवात करायला याहून चांगला प्रश्न नाही.

बांधावर उभे राहून नुसत्या नजरेने पीक सांगणारा माणूस अनुभवी असेलही, पण त्याच्या नजरेत त्याचे हितसंबंध, त्याची भीती आणि गेल्या वर्षाची आठवण हे सगळे मिसळलेले असते. त्याला पर्याय म्हणून पीक कापणी प्रयोग आले. कोणत्या गावात, कोणत्या गटात प्रयोग करायचा हे कर्मचारी ठरवत नाही. यादृच्छिक संख्या ठरवतात. शेतावर पोचल्यावरही जागा निवडायची मुभा नसते. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, हाती आलेल्या दोन यादृच्छिक संख्यांनुसार लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने पावले मोजायची, आणि जिथे पोचू तिथे ठरावीक मापाचा प्लॉट दोरीने आखायचा. त्यातले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. पीक डोलत असलेल्या जागी पाय आपोआप वळतात. ते वळू नयेत यासाठी हा सगळा खटाटोप.

एवढे करूनही चूक शिरायला एक जागा उरते. दोरी ताणली की काही ताटे बरोबर दोरीवर येतात. ती आत धरायची की बाहेर? कापणारा माणूस बहुधा आत धरतो. एक-दोन ताटांनी काय बिघडते, असे वाटेल. पण हिशेब करून पाहा. प्लॉट १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि सीमा ४ मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे ४ मीटर दोरी. प्लॉट १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद घेतला तर क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आणि सीमा ३० मीटर. दर चौरस मीटरमागे जेमतेम ०.६ मीटर दोरी. प्लॉट जितका लहान, तितका दोरीवरच्या ताटांचा वाटा मोठा, आणि उत्पन्नाचा अंदाज तितका फुगलेला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे नेमके हेच दाखवले. पी. सी. महालनोबिस तेव्हा बंगालच्या पाहण्यांत लहान प्लॉट वापरत असत. भारतीय संख्याशास्त्रातल्या या दोन दिग्गजांत प्लॉटच्या आकारावरून झालेला वाद बराच गाजला.

त्या वादात या विषयाचे एक मूळ सूत्र सापडते. दोन शेतांतले उत्पन्न सारखे येत नाही, कारण जमीन वेगळी, पाणी वेगळे, राखण वेगळी. एकाच शेतातल्या दोन प्लॉटांचेही येत नाही. हा फरक इकडून तिकडे हेलकावे खाणारा असतो, आणि पुष्कळ प्लॉट घेऊन सरासरी काढली की हेलकावे एकमेकांना खाऊन टाकतात. दोरीवरच्या ताटांची चूक मात्र दर वेळी एकाच बाजूला झुकते. असे लहान प्लॉट हजार घ्या नाहीतर लाख घ्या, सरासरी फुगलेलीच येणार. पहिल्या प्रकारच्या चुकीवर जास्त माहिती हा उपाय आहे. दुसऱ्या प्रकारात जास्त माहितीने केवळ चुकीच्या उत्तरावरचा आपला विश्वास वाढतो.

दहावीच्या बीजगणितात मध्य, मध्यक आणि बहुलक आपण सगळ्यांनी काढले आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या वर्गात येणाऱ्या अनेकांचा समज असतो की हा विषय म्हणजे त्याच गणितांची लांबलचक आवृत्ती: वारंवारता सारणी करा, सूत्रात किमती घाला, उत्तराला दोन रेघा मारा. बी.एस्सी.ला हा विषय हौसेने घेणारे थोडे. वाणिज्य, मानसशास्त्र, कृषी, औषधनिर्माण अशा शाखांतून सक्तीपोटी येणारे पुष्कळ. ही प्रस्तावना दोघांसाठी आहे, आणि तिचे सांगणे एवढेच आहे की या विषयाचा नायक सरासरी नसून फरक आहे. वर्षभर शिकायच्या प्रत्येक प्रकरणात एकच चौकशी चालते: समोर दिसणाऱ्या फरकांपैकी किती खरा, किती योगायोगाचा आणि किती आपल्या मोजण्याच्या पद्धतीने निर्माण केलेला? प्रमाण विचलन फरकाचे माप देते. संभाव्यता योगायोगाला किती पल्ला असतो ते सांगते. सहसंबंध आणि समाश्रयण एका राशीतला किती फरक दुसरीच्या आधाराने समजावता येतो ते पाहतात. परिकल्पनेची चाचणी विचारते की एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकला असता का. प्रकरणांची नावे वेगळी असली तरी विषय हाच.

फरकाकडे दुर्लक्ष करून सरासरीवर विसंबले की काय होते, याचे फार बोलके उदाहरण पुण्यातच घडले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. माणशी दररोज २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ही त्यांची रेषा. १९६०-६१ च्या आकडेवारीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली आहेत. पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतली कारकीर्द संपवून पुण्यात परतले, आणि त्यांनी अशा मोजणीच्या मुळावरच बोट ठेवले.

त्यांचा मुद्दा समजायला सूत्रे लागत नाहीत. समजा, एका गावात सगळे धडधाकट आहेत आणि प्रत्येक जण आपल्या गरजेइतके जेवतो. गरज मात्र सगळ्यांची सारखी नाही; एकाच माणसाचीसुद्धा दर आठवड्याला सारखी नसते. या गावाची सरासरी काढली तर साधारण निम्मे लोक तिच्या खाली सापडणारच. सरासरीचा तो स्वभावच आहे. त्या सरासरीला आपण किमान गरज म्हणालो, तर एकही उपाशी माणूस नसलेल्या गावातले निम्मे लोक कागदावर कुपोषित ठरतील. म्हणून सुखात्मे यांनी रेषा सरासरीवर न ठेवता तिच्यातून दोन प्रमाण विचलने वजा करून ठेवावी असे सुचवले. वितरण प्रसामान्य असेल, म्हणजे घंटेच्या आकाराच्या परिचित वक्रासारखे, तर धडधाकट माणसांपैकी जेमतेम २.३ टक्के या रेषेखाली येतात. रेषा अशी सरकवली की देशातल्या कुपोषितांचा आकडा एकदम उतरतो.

गणित बिनचूक होते. तरीही दांडेकर आणि इतर टीकाकारांना ते पटले नाही, आणि त्यांच्या आक्षेपातही तितकेच संख्याशास्त्र होते. धडधाकट माणसाच्या आहारातले चढउतार हे एक. पण मजुराच्या ताटात वर्षानुवर्षे कमीच पडत असेल तर त्याला चढउतारातले खालचे टोक म्हणायचे कसे? शरीराने कमी अन्नाशी जुळवून घेतले याचा अर्थ गरज भागली असा होत नाही. काम कमी झाले, वाढ खुंटली, असाही होऊ शकतो. म्हणजे खरा प्रश्न असा होता: दोन माणसांच्या आहारात दिसणारा फरक गरजेतून आलेला आहे की गरिबीतून? पाहणीच्या आकड्यांत हे दोन्ही फरक एकत्र मिसळलेले असतात आणि कुठलेही सूत्र त्यांना आपोआप वेगळे करत नाही. हा वाद १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी वाचावा, कारण मध्य आणि प्रमाण विचलन या दोन गोष्टी कळलेल्या कोणालाही त्याचा गाभा समजतो, आणि एवढ्याशा साधनांवर देशाची धोरणे हलू शकतात हेही त्याच वेळी दिसते.

आता नमुन्याविषयी. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण नमुना-पाहणीची भलामण म्हणून वापरतो, पण तिच्यातली अट विसरतो. उकळत्या पाण्यात तांदूळ खालवर फिरत असतात म्हणून कुठलेही शीत चालते; खाली लागलेला आणि वर कच्चा राहिलेला भात एका शितावरून ओळखता येत नाही. समाज असा ढवळलेला नसतो. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज बांधण्यासाठी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त उत्तरे आली, आणि त्यांवरून साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन यांना ५७ टक्के मते दिली. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन जिंकले. नावे घेतली होती टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदींसारख्या याद्यांतून. महामंदीच्या त्या वर्षांत फोन आणि मोटार बाळगणारे लोक रूझवेल्ट यांचे मतदार असण्याची शक्यता कमी होती. त्यातही उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे वेगळेच. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे ओळखले होते.

याच्या उलट बाजूही शिकण्यासारखी आहे. नमुना खरोखर यादृच्छिक असेल, तर १,००० माणसांच्या पाहणीतली टक्केवारी बहुतेक वेळा खऱ्या टक्केवारीपासून फार तर ३ टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे असते, मग ती पाहणी कोल्हापूर शहराची असो की सबंध देशाची. लोकसंख्या शंभरपट झाली म्हणून नमुना शंभरपट लागत नाही. नवशिक्याला हे पटतच नाही, आणि पटू नये हेच बरे. सिद्धता पाहूनच पटवून घ्यावे. मात्र अचूकता दुप्पट हवी असेल तर नमुना चौपट लागतो, कारण चूक नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. पाहणीचा खर्च ठरवणाऱ्या प्रत्येक कार्यालयात हे वर्गमूळ आडवे येते.

पाहणीत आपण जगाला आहे तसे मोजतो; प्रयोगात त्यात ढवळाढवळ करतो. औषध लागू पडते का, खताने पीक वाढते का, या प्रश्नांना प्रयोगच लागतो, आणि त्याची रीत १९५४ साली अमेरिकेत झालेल्या सॉल्क पोलिओ लसीच्या चाचणीत स्पष्ट दिसते. तिच्या एका भागात, पालकांनी संमती दिलेल्या मुलांपैकी कोणाला लस आणि कोणाला मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन द्यायचे हे केवळ योगायोगावर सोडले होते. मुलाला, पालकाला, तपासणाऱ्या डॉक्टरला, कोणालाही कोणते दिले ते ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत प्रत्येकी सुमारे २ लाख मुले होती. लस घेतलेल्यांत पोलिओचे रुग्ण ५७ निघाले आणि दुसऱ्या गटात १४२. म्हणजे लाखामागे २८ आणि ७१.

संमतीच न दिलेल्या पालकांची सुमारे साडेतीन लाख मुले होती. त्यांनाही लस मिळाली नव्हती. मग त्यांच्यातले प्रमाण लाखामागे ७१ च्या जवळपास यायला हवे होते. आले ४६. कारण संमती देणारी कुटुंबे तुलनेने सुस्थितीतली होती, आणि पोलिओचा स्वभाव असा की अस्वच्छ वस्तीत वाढणाऱ्या मुलाला त्याचा संसर्ग तान्हेपणीच होऊन जातो. तेव्हा आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते, म्हणून आजार सौम्य राहतो आणि पुढची प्रतिकारशक्ती मिळून जाते. स्वच्छ घरातले मूल उशिरा गाठले जाते आणि अपंग होण्याचा धोका वाढतो. लस घेतलेल्यांची तुलना कोणी या न घेतलेल्यांशी केली असती, तर २८ विरुद्ध ४६ असा आकडा मिळून लसीचा गुण बराच कमी दिसला असता. आरोग्याच्या, शिक्षणाच्या, शेतीच्या बातम्यांत दररोज होणाऱ्या तुलना बहुधा अशाच असतात: घेणारे आणि न घेणारे आधीपासूनच वेगळे. योगायोगाने गट पाडण्याची मातब्बरी यात आहे, की आपल्याला माहीत असलेले फरक तर ती दोन्हीकडे सारखे वाटतेच, पण सुचलेसुद्धा नसतील असे फरकही वाटून टाकते.

आता हेच दोन आकडे, ५७ आणि १४२, घेऊन चाचणीचा विचार करू. एकूण रुग्ण १९९. लस निरुपयोगी असती तर त्यांतला प्रत्येक रुग्ण नाणे उडवल्यासारखा या गटात किंवा त्या गटात पडला असता. नाणे १९९ वेळा उडवले तर सरासरीने ९९.५ छापे, आणि प्रमाण विचलन १९९ च्या वर्गमुळाच्या निम्मे, म्हणजे सुमारे ७. छापे ९० पडले, १०८ पडले, तर नवल नाही. ५७ म्हणजे सरासरीपासून सहा प्रमाण विचलने दूर. इतका फरक योगायोगाने पडणे जवळपास अशक्य; म्हणून ‘लस निरुपयोगी आहे’ ही शून्य परिकल्पना आपण सोडून देतो. पी-व्हॅल्यू म्हणून पुढे ज्याची धास्ती वाटते त्यामागे एवढाच युक्तिवाद आहे. ती लस निरुपयोगी असण्याची शक्यता सांगत नाही. लस निरुपयोगी असती तर निदान एवढा तरी फरक दिसण्याची शक्यता सांगते. ही दोन विधाने जुळी भासतात, आणि शोधनिबंध लिहिणारेही त्यांची सर्रास गल्लत करतात. वर्षाअखेरीस यातला भेद स्वतःच्या शब्दांत सांगता आला तर अभ्यासक्रम सार्थकी लागला असे समजायला हरकत नाही.

गणित किती लागते? पहिल्या वर्षापुरते बेरीज-चिन्ह, वर्गमूळ, साधी बीजगणिती मांडणी आणि थोडे क्रमचय-संचय. पुढे जायचे तर कलन आणि आव्यूह टाळता येणार नाहीत, आणि टाळूही नयेत. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या हाताखाली संशोधन करून आले आणि त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. त्या परंपरेत सिद्धतेला पहिल्यापासून मान आहे. पण गणिताच्या धास्तीने दारातच थबकलेल्यांना एक गोष्ट सांगायला हवी. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत. लहान नमुन्यांवरून निष्कर्ष कसे काढावेत हा त्यांचा रोजचा पेच होता. सूत्र मांडल्यावर ते पडताळण्यासाठी त्यांनी ३,००० गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी लिहिलेली कार्डे पिसली, चार-चारचे ७५० नमुने केले आणि प्रत्येकाचा हिशेब हाताने मांडला. हे काम १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापून आले, आणि टी-चाचणीच्या तक्त्यावर ते नाव आजही आहे. गॉसेट यांचा तो पत्त्यांचा खेळ आज संगणकावर काही सेकंदांत होतो. सूत्र पटत नसेल तेव्हा तसा खेळ मांडून पाहावा: नमुने घ्यावेत, पुन्हा घ्यावेत, आणि त्यांच्या सरासऱ्या कशा पसरतात त्याचा आयतालेख काढावा. पाठांतराने महिनाभरात जे डोक्यात शिरत नाही ते अशा एका दुपारी शिरते.

अभ्यासाच्या रीतीबद्दल थोडे. माहिती हाती आली की आधी तिचा आलेख काढा, मग सूत्राला हात घाला. एखादा चुकून टाइप झालेला शून्य आलेखात लगेच दिसतो, सरासरीत दडून बसतो. माहिती कोणी, कशासाठी, कोणाला वगळून गोळा केली हे जर्नलच्या पहिल्याच ओळीत लिहा. संगणकाने छापून दिलेले सहा दशांश अंक जसेच्या तसे उतरवू नका. नमुना पंचवीस जणांचा असेल तर त्यातले बहुतेक अंक निरर्थक असतात. आणि कुठलेही उदाहरण उत्तरापाशी थांबवू नका. उत्तराखाली एक पूर्ण वाक्य साध्या मराठीत लिहा: हा निष्कर्ष कोणाबद्दल आहे, तो किती खात्रीचा आहे आणि कोणत्या परिस्थितीत तो चुकीचा ठरेल. परीक्षेत त्या वाक्याला एखादा गुण मिळेल किंवा मिळणार नाही. पुढे नोकरीत, दवाखान्यात, बँकेत, कृषी खात्यात लोक तुम्हाला पगार देतील तो मुख्यतः ते वाक्य नीट लिहिता येते म्हणूनच. आकडेमोड करायला त्यांच्याकडे यंत्र असतेच.